रंग वाळेपर्यंत ट्रंपेट : साठीनंतर दोन्ही छंद सुरू करताना

जलरंगात आभाळाचा पहिला वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात, दिला की कागद नीट वाळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. या वेळात कागदाला हात लावायचा नसतो, आणि नवशिक्याचे हात नेमके तेव्हाच शिवशिवतात. ढगाची कड जरा सारखी करू म्हणून ब्रश टेकवायचा आणि सगळं आभाळ गढूळ करून ठेवायचं, हे मी पहिलं वर्षभर अगदी नेमानं केलं. ६२व्या वर्षी घरात ट्रंपेट आला आणि ही खोड मोडली. ट्रंपेटचं गणित उलटं. ओठांचे बारीक स्नायू दहा मिनिटांत दमतात, आणि जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ त्यांना सोडून द्यावं लागतं. एकाला वाळायला वेळ हवा, दुसऱ्याला विसावायला. मग एकाच्या रिकाम्या वेळात दुसरं, असं माझं बस्तान बसलं.

दोन छंद एकदम सुरू केले तर एकही धड होत नाही, असं पुष्कळ जण सांगतील. या जोडीपुरतं मी ते मानत नाही. ट्रंपेट वाजवणाऱ्या माइल्स डेव्हिसनं १९८०च्या दशकात रंग हातात घेतले, दुसरा ट्रंपेटवाला हर्ब अल्पर्टही चित्रं आणि शिल्पं करत आला आहे. आपण त्यांच्या पंगतीतले नाही हे उघडच आहे, पण जोडी जमते एवढं त्यावरून कळतं.

आधी डॉक्टर, मग दुकान

चित्रासाठी कुणाला विचारायची गरज नाही. ट्रंपेटसाठी आहे. हे फुंकून वाजवायच्या वाद्यांतलं जोर लागणारं वाद्य. वरचे सूर काढताना छातीतला आणि डोक्याकडचा दाब वाढतो. डोळ्यातला दाबही तेवढ्यापुरता चढतो, हे मोजून पाहिलेलं आहे. काचबिंदू असेल, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, हर्निया असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा : 'मी ट्रंपेट शिकणार आहे, चालेल का?' नुसतं 'वाद्य' म्हणू नका, त्यांच्या डोळ्यांपुढे पेटी येईल. आणि वाजवताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, चक्कर आली, तर वाद्य खाली ठेवून द्या. तो सूर उद्याही तिथंच असतो.

दुसरा माणूस दातांचा डॉक्टर. माउथपीस, म्हणजे वाद्याचा फुंकायचा तुकडा, ओठांवर टेकतो आणि ओठांना मागून टेकू असतो पुढच्या दातांचा. कवळी लावून वाजवणारेही आहेत, पण ती सैल असेल तर सूर हलतो. पुढच्या दातांचं मोठं काम निघणार असेल तर ते आधी उरकून घ्या. दातांची ठेवण बदलली की ओठांना बसलेली सवय पुन्हा नव्यानं लावावी लागते, आणि सहा महिन्यांची मेहनत तिथं अडकते.

तिसरा चष्मा. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग मान धरते. नोटेशनचा स्टँड असतो साधारण हातभर अंतरावर, ईझलवरचा कागदही तेवढाच लांब. वाचायचा चष्मा त्याहून जवळचा, लांबचा त्याहून पलीकडचा. प्रोग्रेसिव्ह काचेतून मधला पट्टा शोधताना हनुवटी वर जाते, हनुवटी वर गेली की माउथपीसचा कोन बदलतो आणि सूर फाटतो. मला हे कळायला चार महिने लागले. तोवर मी बिचाऱ्या ओठांनाच दोष देत होते. त्या मधल्या अंतराचा साधा एका नंबरचा चष्मा करून घेतला आणि दोन्हीकडचं काम झालं.

डोळ्यांबद्दल आणखी एक. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या-जांभळ्या छटा मंद दिसू लागतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं निदान झालं, ऑपरेशन झालं ते १९२३ मध्ये, आणि त्या काळातल्या त्याच्या कित्येक चित्रांत तांबडा-तपकिरी रंग चढलेला दिसतो. आपण मोने नसल्यामुळे खबरदारी घ्यावी. पॅलेटवर रंगांच्या जागा कायमच्या ठरवून टाकाव्यात आणि ट्यूबवरचं नाव वाचूनच रंग काढावा. डोळ्यांना काय वाटतं त्यावर निळा निवडू नये.

सामान

रंगांचा मोठा डबा घेऊ नका. सहा ट्यूब पुरतात : अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अलिझरिन क्रिमझन. शेवटचा घेताना त्याचा 'पर्मनंट' प्रकार मागा, मूळचा अलिझरिन उजेडात फिका पडत जातो. काळा नकोच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की पाण्यानुसार हलक्या करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं, आणि ते ट्यूबमधल्या काळ्यासारखं मेलेलं दिसत नाही. ब्रश तीन : एक जाड गोल, एक इंचभर रुंदीचा चपटा, एक बारीक लांब केसांचा फांद्यांसाठी. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ.

पैसे घालायचे ते कागदावर घाला. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत). पातळ कागद पाण्यानं फुगतो, खड्डे पडतात, रंग त्या खड्ड्यांत साचतो आणि माणसाला वाटतं आपल्याला येत नाही. निम्म्याहून अधिक नवशिके खराब कागदापायी सोडून देतात, असा माझा ठाम समज आहे.

तैलरंग का नाही? कारण ते वाळायला दिवस घेतात. अॅक्रिलिक इतक्या लवकर वाळतो की ट्रंपेट पेटीतून बाहेर निघेपर्यंत काम संपलेलं असतं. आपल्या जोडीला जलरंगच सोयीचा.

ट्रंपेट मात्र लगेच विकत घेऊ नका. भाड्यानं मिळत असेल तर तीन महिने भाड्यानं घ्या. घ्यायचाच तर बी फ्लॅटचा (काळी पाचचा) घ्या, शिकवणी आणि पुस्तकं बहुतेक त्यालाच धरून असतात. अगदी स्वस्त नवाकोऱ्यापेक्षा चांगल्या घडणीचा जुना बरा. व्हॉल्व्ह म्हणजे बोटांनी दाबायचे तीन खटके, स्लाइड म्हणजे त्यांना जोडलेली सरकती नळी. जुना बघताना पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, व्हॉल्व्ह न दाबता, थोडी बाहेर ओढा, दोन-तीन सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. 'पॉप' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरून आहे. आवाजच आला नाही तर तो झिजलेला असायची शक्यता आहे. माउथपीस बसतो त्या नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर वाद्य परत द्या. पितळेतलं जस्त निघून जाऊन धातू आतून सडतो, त्याची ती खूण.

मनगट किंवा खांदा दुखरा असेल तर कॉर्नेटचा विचार करा. नळीची लांबी तेवढीच, बोटंही तीच, पण गुंडाळी आखूड असल्यामुळे वजन अंगाजवळ राहतं. ट्रंपेटचं वजन किलोभराच्या आसपास असतं. ऐकायला काहीच नाही, पण हात पुढे धरून दहा मिनिटं पेलून बघा.

माउथपीसच्या आकड्यांत फार शिरू नका. ७सी किंवा ५सी हे नेहमीचे सुरुवातीचे आकार. तोंडाला झोंबत नसेल तर वर्षभर तोच ठेवा.

ट्रंपेटचे पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी वाद्य पेटीतच राहू द्या. ओठ मिटून 'म' म्हणायच्या बेतात ठेवा, कोपरे घट्ट, मधला भाग सैल, आणि त्यातून हवा सोडा. माशी अडकल्यासारखा आवाज येतो. तो आला की माउथपीस ओठांच्या मधोमध टेकवून पुन्हा तेच. घरातले हसतील, हसू द्या. गाल फुगवू नका, आणि श्वास घेताना खांदे वर जात असतील तर श्वास उथळ चालला आहे असं समजा. खुर्चीच्या पुढच्या कडेवर ताठ बसलं की पोटाला जागा मिळते.

वाद्य जोडल्यावर, एकही व्हॉल्व्ह न दाबता, पहिला सूर बहुधा 'प' लागतो. तो लागला तर तिथंच राहा. खालचा 'सा' त्याहून सैल ओठांनी. एक सूर दमात बसेल तितका लांब, हळू आवाजात, न थरथरता धरायचा. जितका वेळ सूर, तितकाच वेळ ओठांना सुट्टी. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं झाली की पहिल्या पंधरवड्याचा अभ्यास संपला.

माझी मोठी चूक इथंच झाली. वरचा सूर लागेना म्हणून मी माउथपीस ओठांवर दाबत गेले. दाबला की सूर क्षणभर लागतो, हीच त्यातली फसवणूक. ओठाचा रक्तपुरवठा अडतो, ओठ बधिर होतो, मग आणखी दाबावं लागतं. आठवड्यानं वरच्या ओठावर गोल वळ उठला आणि पुढचे पंधरा दिवस ट्रंपेट बंद. उजव्या हाताच्या करंगळीसाठी जी कडी असते तिच्यात करंगळी अडकवली की हात नकळत वाद्य तोंडाकडे ओढतो. करंगळी कडीच्या वर नुसती टेकवून ठेवा, दाब कमी होतो.

तीन बोटांत सगळे सूर

१८१८ मध्ये श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या साध्या ट्रंपेटवर नळीला निसर्गानं दिलेलेच सूर निघायचे. आजही व्हॉल्व्ह न दाबता ओठ घट्ट-सैल करत गेलात तर सा, प, तार सा, तार ग, तार प एवढीच पायरी मिळते. मधले सूर भरायला व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह दाबला की नळीत जादा तुकडा जोडला जातो आणि सूर उतरतो : दुसऱ्यानं एक अर्धस्वर, पहिल्यानं दोन, तिसऱ्यानं तीन.

पाठांतराआधी हे नीट समजून घ्या, म्हणजे बोटं आपोआप लक्षात राहतात. 'प' आणि 'तार सा' हे दोन माळे धरा आणि तिथून जिना उतरा. 'प'वरून दोन अर्धस्वर खाली शुद्ध 'म', म्हणून पहिला व्हॉल्व्ह. तीन खाली 'ग', म्हणून पहिला-दुसरा. पाच खाली 'रे', म्हणून पहिला-तिसरा. तसंच 'तार सा'वरून एक खाली 'नी', म्हणून दुसरा, आणि तीन खाली 'ध', म्हणून पहिला-दुसरा. झालं सप्तक.

'रे' मात्र जरा चढा लागतो आणि त्यात तुमचा दोष नाही. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या तुकड्याची लांबी मूळ नळीच्या मानानं ठरवलेली असते. पहिला व्हॉल्व्हही दाबला की नळी लांबलेली असते, आणि तिच्या मानानं तो तुकडा तोकडा पडतो. म्हणूनच तिसऱ्या स्लाइडवर डाव्या हाताच्या अनामिकेसाठी रिंग दिलेली असते. 'रे' वाजवताना स्लाइड सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर सरकवायची, ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघत बघत. ती रिंग शोभेची आहे असं समजून वर्ष काढलेले लोक मला माहीत आहेत.

बाजाच्या पेटीबरोबर वाजवायचं असेल तर ध्यानात ठेवा, ट्रंपेटच्या कागदावर लिहिलेला 'सी' प्रत्यक्षात काळी पाच असतो. पेटीवाल्यानं पांढरी एक धरली आणि तुम्ही आपल्या 'सा'पासून निघालात तर दोघंही बरोबर वाजवाल आणि ऐकणारे उठून जातील.

चित्राकडे

समोर एक टेकडी, तिच्या अलीकडे तीन झाडं, एक वाट. इतकंच बघायचं ठरवलं तरी सुरुवातीला पुष्कळ होतं. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापा, एक डोळा मिटून तिच्यातून बघा आणि कशाला वगळायचं ते ठरवा. मग काडेपेटीएवढी तीन रेखाटनं पेन्सिलीनं, फक्त तीन छटांत : पांढरी, मधली, गडद. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील विरतो आणि या तीन छटाच उरतात. ही पाच मिनिटं वाचवू नका. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा इथंच, रंगात नव्हे.

क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. बसलात तर खाली, उभे राहिलात तर वर. चित्राच्या मध्यात उठून उभं राहिलं की वाट वाकडी होते ती यामुळे. पाठ-गुडघे ऐकत नसतील तर पहिल्यापासून खुर्चीवरच बसा.

कागदाच्या कोपऱ्यात एक बाण काढून ठेवा, उजेड कुठून येतो त्याचा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड तासात सावल्या दुसऱ्याच होतात आणि नवशिका त्यांच्या मागं धावत राहतो. बाणावर भरवसा ठेवा, समोरच्या सावलीवर नको. कागद उन्हात ठेवू नका. लख्ख पांढरा कागद डोळ्यांना दिपवतो, आपण रंग गडद लावत जातो आणि घरी आल्यावर सगळं मळकट दिसतं.

आता रंग. फळी किंचित तिरकी, वरची कड दोन बोटं उंच. कागद स्वच्छ पाण्यानं भिजवा, वरून अल्ट्रामरीन, क्षितिजाकडे येताना पाणी वाढवत सेरुलियन, अगदी खाली ऑकरचा नुसता वास. ढगाची जागा कोरडी सोडायची, जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. झालं की ब्रश धुऊन उठा. अर्धवट ओल्या वॉशवर पाण्याचा एक थेंब पडला तरी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो आणि तो काढायच्या नादात दुसरा. उठा, ट्रंपेट घ्या.

दुसरा हात लांबच्या टेकडीचा. हवेत विखुरलेला निळा उजेड मधे येतो, म्हणून लांबचं फिकट आणि निळसर दिसतं. डोक्याला माहीत असतं टेकडी हिरवी आहे, डोळ्यांना ती निळी-करडी दिसत असते. डोळ्यांचं ऐका. पुन्हा वाळू द्या. तिसऱ्या हाताला झाडं, गडद, थोडक्यात. ट्यूबमधला तयार हिरवा लावलात तर झाड प्लास्टिकचं होतं. अल्ट्रामरीन आणि लेमन यलो मिसळा आणि त्यात बर्न्ट सिएनाचं टोक बुडवा, कच्चेपणा जातो. पानं मोजू नका. झाडाच्या आकारात आभाळाची दोन-चार भोकं सोडली की पाखरं उडून जायला जागा राहते.

हेअर ड्रायरनं कागद वाळवणारे आहेत. माझा विरोध आहे, पण मला ट्रंपेट वाजवायचा असतो म्हणूनही असेल.

दोन्ही एका खोलीत

ब्रश ठेवल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय माउथपीसला हात लावायचा नाही. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात आणि माउथपीस थेट ओठांना लागतो. ब्रशचं टोक जिभेनं करायची सवय असेल तर आजच सोडा.

उलट दिशेनंही धुवायचे. व्हॉल्व्हला तेल घालून मी एकदा तशीच चित्राला बसले. वरचं आभाळ छान पसरलं आणि डाव्या कोपऱ्यात रंग धरेचना. तिरकं धरून पाहिलं तर माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेघा न् रेघा स्पष्ट. तेलकट कागद पाणी घेत नाही आणि तो डाग कशानंही जात नाही. तिथं शेवटी एक झाड उगवलं.

देखभाल फारशी नाही. वाजवायला बसण्याआधी व्हॉल्व्हला दोन-तीन थेंब तेल. व्हॉल्व्ह एका वेळी एकच काढा, आकडे बघून त्याच जागी बसवा. अदलाबदल झाली की हवा जाता जात नाही आणि माणूस घाबरतो. नळीत साठतं ती थुंकी नव्हे, बहुतांशी श्वासातली वाफ थंड होऊन झालेलं पाणी असतं. खालची कळ दाबून ते फुंकून टाका, रंगाच्या टेबलापासून लांब. महिन्याकाठी कोमट पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, उतरतं. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, तो काढायचं खास साधन दुरुस्तीवाल्याकडे असतं.

शेजाऱ्यांसाठी प्रॅक्टिस म्यूट मिळतो. आवाज खूप दबतो, पण फुंकायला जड जातं आणि सूरही हलतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तरी, शेजाऱ्यांना वेळ सांगून, उघडा वाजवा. बाहेर चित्र काढायला जाताना ट्रंपेट नेण्याचा मोह होईल. उघड्यावर भिंती नसतात, स्वतःचा आवाज परत येत नाही, मग माणूस जोर लावतो आणि ओठ लवकर संपतात. नेलात तर सावलीत ठेवा. तापला की सूर चढतो, गारठला की उतरतो.

शिक्षकाकडे पहिल्या महिन्यातच दोन-तीनदा जा, ओठांच्या बसणीसाठी. चित्राला घाई नाही. पहिली दहा तुमची तुम्हीच बिघडवा, मग दाखवा. तीन महिन्यांत एक सप्तक आणि एखादी संथ धून जमली तर उत्तम चाललं आहे. त्यापुढे घाईचं कारण नाही. ट्रंपेटवादक डॉक चीटम १९०५चा, एकट्यानं पुढे होऊन वाजवणारा (सोलो) वादक म्हणून त्याचं नाव झालं ते उतारवयात, आणि १९९७ मध्ये वयाच्या ९१व्या वर्षी गेला तोवर वाजवत होता.

इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलनं १८२१-२२ मध्ये ढगांचे बरेच अभ्यास केले आणि कित्येकांच्या मागं तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला. तेवढं मी त्याच्याकडून उचललं आहे, फक्त माझ्या कागदामागं दोन्ही खाती एकत्र असतात. परवाच्या चित्रामागं लिहिलंय : 'सकाळी ७:४०. ढग विरळ, वारा नाही. टेकडी बरी, डावीकडचं झाड फसलं. तार सा चारदा, त्यातला एक दाबून. हात धुतले.'